मुलासाठी वापरलेला अपराइट पियानो कसा पारखावा

शिकणाऱ्या मुलाचा पियानो बिघडलेला असला तर मुलाला ते कळत नाही. पट्टी वर यायला वेळ लागत असेल, तर आपलंच बोट अडखळतंय असं त्याला वाटतं. सूर उतरलेले असतील, तर तेच कानात बसतात. म्हणून लाकडाची चकाकी सगळ्यात शेवटी बघा. पॉलिश कधीही करून घेता येतं. तारा ताणून धरणाऱ्या पिना सैल असतील किंवा यंत्रणा झिजलेली असेल, तर ती नीट करण्याचा खर्च मात्र पियानोच्या किमतीच्याही वर जाऊ शकतो.

आधी उंची आणि वय

जमिनीपासून वरच्या झाकणापर्यंत मोजा. ११० सेंटिमीटरपेक्षा बुटक्या पियानोत खर्जाच्या तारा आखूड पडतात आणि आवाज गढूळ येतो. ११४ ते १३२ सेंटिमीटरमधला बघावा. यामाहाचा यू-१ हा १२१, तर यू-३ हा १३१ सेंटिमीटरचा आहे. १९७०-८० च्या दशकातले जपानी पियानो नीट सांभाळलेले असतील तर आजही मुलाच्या शिक्षणाला पुरून उरतात. वरचं झाकण उघडलं की आतल्या बिडाच्या चौकटीवर अनुक्रमांक दिसतो. त्यावरून कारखान्याच्या यादीत वर्ष सापडतं, तेव्हा विकणाऱ्याने सांगितलेल्या वर्षावर विसंबू नका.

मुंबई, पुणे कॅम्प आणि गोव्यातल्या जुन्या घरांत ब्रिटिश बनावटीचे पियानो अजून आहेत. दिसायला सुरेख असतात, पण त्यातल्या अनेकांत तारेला टेकून आवाज थांबवणारे डॅम्पर तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या वर असतात आणि त्यांना जोडणाऱ्या लांब तारांचं जाळं हातोड्यांसमोर उभं असतं. अशा पियानोत पट्टी सोडल्यावरही आवाज रेंगाळतो आणि ट्यूनिंगही कटकटीचं होतं. मुलासाठी असा घेऊ नका. पांढऱ्या पट्ट्या पिवळसर असतील आणि रुंद व अरुंद भागांच्या मधोमध केसासारखी जोडरेघ दिसली, तर त्या हस्तिदंताच्या असू शकतात. भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, तेव्हा त्या वाटेलाच जाऊ नये.

पिना: सौदा इथेच ठरतो

जाताना टॉर्च, मोजपट्टी आणि फोनवर ट्यूनर ॲप घेऊन जा. पहिला प्रश्न विचारा, शेवटचं ट्यूनिंग कधी झालं? काल-परवा झालं असेल, तर आजचा सूर काहीच सांगत नाही. पिना सैल असलेला पियानोही ट्यूनिंगनंतर काही दिवस सुरात राहतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येऊन ऐकू द्या, असं सांगा.

पियानोत २०० हून अधिक तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. चौकट तो ताण पेलते, पण प्रत्येक तारेचा सूर धरून ठेवते ती पिन. ही पिन चौकटीमागच्या थरांच्या कठीण लाकडी फळीत ठोकलेली असते. त्या फळीला भेगा गेल्या किंवा भोकं ढिली झाली की सूर टिकत नाही.

मधल्या सीच्या (पट्ट्यांच्या साधारण मध्यावरच्या सी स्वराच्या) वरचा ए वाजवून ॲपमध्ये बघा. तो ४४० हर्ट्‌झ हवा. अर्धा सूर म्हणजे १०० सेंट. सगळा पियानो सारखाच २० सेंट उतरलेला असेल, तर तो बरेच दिवस ट्यून झालेला नाही इतकंच. ५० सेंटहून जास्त उतरलेला असेल, तर वर चढवताना गंजलेल्या तारा तुटू शकतात. त्याहून वाईट लक्षण म्हणजे बाकीचं ठीक असताना मधलेच काही सूर भयानक बेसूर असणं. मधल्या आणि वरच्या सप्तकांत प्रत्येक सुराला तीन तारा असतात. एकाच पट्टीवर त्या तिघींचं जमत नसेल आणि ‘वाँव-वाँव’ असा हिंदकळणारा आवाज येत असेल, तर तिथल्या पिना सैल असल्याचा संशय घ्या.

मग टॉर्च मारून पिना बघा. काही पिना बाकीच्यांपेक्षा जाड किंवा नव्या आहेत का? आत इतक्या ठोकल्यात का, की तारेचे वेढे चौकटीला टेकलेत? मुळाशी गोंदासारखे डाग आहेत का? अशी मलमपट्टी कधी कधी टिकतेही, पण किंमत त्या हिशेबानेच ठरवा. चौकटीलाच तडा दिसला तर मात्र तिथूनच परत फिरा.

यंत्रणा: एकेक पट्टी

समोरची वरची फळी काढायला सांगा. मग ८८ पट्ट्या डावीकडून उजवीकडे, एकदा अगदी हळू आणि एकदा जोरात वाजवा. दर वेळी पट्टी सोडल्यावर आवाज लगेच थांबायला हवा. वरच्या टोकाच्या साधारण दीड सप्तकाला डॅम्पर नसतातच, तिथे आवाज राहिला तर तो दोष नाही.

पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते. काही पट्ट्या जास्त खोल जात असतील, तर खालच्या फेल्टला (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाला) कसर लागली असण्याची शक्यता असते. उंदरांनाही फेल्ट आवडतं. पट्ट्यांखाली लेंड्या किंवा कुरतडलेले तुकडे दिसले, तर आत आणखी बरंच निघेल असं धरून चाला.

एखादी पट्टी खाली दाबली जाऊन तिथेच राहते आहे? तिचा हातोडा बोटाने हलकेच तारेकडे ढकलून सोडा. चटकन मागे आला, तर दोष पट्टीत आहे: आतलं कापड दमटपणाने फुगलंय, आणि ट्यूनर (पियानो सुरात लावणारा कारागीर) ते थोड्या वेळात मोकळं करतो. हातोडाच रेंगाळत मागे आला, तर त्याचा सांधा आवळलाय. असे दोन-चार असतील तर चालतील, पण चाळीस असतील तर काम मोठं आहे.

हातोड्यांच्या नाकावर तारांच्या खाचा असतातच. त्या उथळ असतील तर काळजी नको. खाचा दोन मिलिमीटरपर्यंत खोल आणि नाक चपटं झालं असेल, तर फेल्ट घासून आकार द्यावा लागेल. वरच्या टोकाच्या हातोड्यांचं फेल्ट लाकडापर्यंत झिजलं असेल, तर नवे हातोडे लागतील. पट्टी दाबताना सुरुवातीचा एखादा मिलिमीटर ‘रिकामा’ लागणं हे मात्र स्वस्तात निघणारं काम आहे.

खालून आणि मागून

वाजवायच्या पट्ट्यांच्या खाली असलेली स्प्रिंग वर दाबली की खालची फळी निघते. आत खर्जाच्या तारा ज्या लाकडी ब्रिजवरून जातात, त्या ब्रिजवरच्या छोट्या पिनांच्या ओळीत तडा आहे का ते नीट बघा. खर्ज वाजवताना झणझण येत असेल, तर कारण बऱ्याचदा इथेच सापडतं. मागच्या साउंडबोर्डवरची (तारांचा आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीवरची) बारीक भेग मात्र आवाज करत नसेल तर घाबरण्यासारखी नसते. वाळवीची माती किंवा भुसा दिसला तर तो पियानो घरात आणू नका.

ऋतूचा खेळ

पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. लाकूड फुगतं आणि सैल पिनाही घट्ट धरल्या जातात. म्हणजे जुलैत पट्ट्यांचे दोष उघडे पडतात, पिनांचे झाकले जातात. एप्रिल-मेमध्ये याच्या उलट. मुंबई-गोव्याचा पियानो नागपूर किंवा पुण्यात न्यायचा असेल, तर पिनांबद्दल दुप्पट सावध राहा, कारण कोरड्या उन्हाळ्यात फळी आकसते आणि तेव्हा खरी परीक्षा होते.

इतकं पाहून पियानो पसंत पडला, तरी पैसे देण्याआधी एक ट्यूनर स्वतः फी देऊन न्या. तो विकणाऱ्याच्या ओळखीतला नसावा. ट्यूनिंगच्या किल्लीने फिरवताना पिन किती जोर मागते, हे त्याच्याच हाताला कळतं.

घरी आणताना

यू-१ सुमारे १५३ सेंटिमीटर रुंद आणि २२८ किलो वजनाचा आहे. लिफ्टची खोली आणि जिन्याचं वळण आधी मोजा. पियानो हलवणाऱ्या सवयीच्या माणसांनाच बोलवा; लाकडी पायांवर भार देऊन ओढला तर पाय मोडतात. बाथरूमची किंवा पावसाने भिजणारी भिंत टाळा, आणि ऊन, एसीचा झोत व कूलरही त्यावर येऊ देऊ नका. आर्द्रतामापक जवळ ठेवा. ४५ ते ६० टक्के राहिली तर उत्तम. पावसाळ्यात आत बल्ब लटकवू नका, तो एकाच जागी लाकूड वाळवतो. पियानोसाठी मिळणारी आर्द्रता-नियंत्रक असलेली हीटर-कांडी ट्यूनरकडून बसवून घ्या.

मुलासाठी उंची कमी-जास्त होणारं बाकडं घ्या. कोपर पट्ट्यांच्या पातळीला यावं आणि पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्यावा. पियानो आल्या आल्या ट्यून करू नका. नव्या हवेत लाकूड स्थिरावायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यानंतर पहिलं ट्यूनिंग करा आणि पुढे वर्षातून दोनदा, एक पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि दुसरं मार्चच्या सुमाराला. फार उतरलेला पियानो असेल, तर पहिल्या वेळी एकामागून एक दोनदा ट्यून करावा लागेल, आणि तो खर्च सौद्याच्या वेळीच किमतीतून वजा करून घ्या.