रस्त्यावरच्या कुत्र्याला हार्नेसची सवय

रस्त्यावरून उचलून आणलेल्या कुत्र्याला गळ्याभोवती काही आलं की आपल्याला पकडताहेत असं वाटू शकतं. म्हणून पहिले २-३ दिवस हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) त्याच्या जेवणाच्या ताटलीशेजारी नुसता पडू द्या, वास घेऊ द्या. मग हार्नेस हातात धरा आणि त्याच्या डोक्याच्या फटीपलीकडून उकडलेल्या चिकनचा तुकडा दाखवा. तुकडा नखाएवढा, मीठ-कांदा-लसूण अजिबात नको. डोकं त्यानं स्वतः आत घालायला हवं. आपण वरून घातलं तर केलेलं सगळं पाण्यात.

बक्कलचा ‘टक्’ आवाज अनेकांना दचकवतो. आधी चार पावलं लांबून वाजवा, लगेच तुकडा द्या. असं पुन्हा पुन्हा केलं की आवाज ऐकून कान मागे पडायचे थांबतात, उलट तो हाताकडे बघू लागतो. आता बक्कल लावा, दोन मिनिटांत काढा.

पट्टा आणि अंग यांच्यात दोन बोटं जावीत, जास्त नाही. सैल हार्नेसमधून घाबरलेला कुत्रा मागे सरकून क्षणात निसटतो. सुरुवातीचे काही आठवडे गळपट्टा आणि हार्नेस दोन्हींना दोरी जोडा, गळपट्ट्याच्या बिल्ल्यावर फोन नंबर हवाच.

जिन्यात बसकण मारली तर ओढू नका. दोरी सैल सोडा, त्याच्याकडे पाठ करून खाली बसा, थांबा. एक पाऊल पुढे आला की तुकडा. पहिल्या फेऱ्या पहाटे, गल्ली शांत असताना, १० मिनिटांच्याच.