सोसायटीत कामाला येणाऱ्यांचा मान: व्यवस्था कशी लावायची

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत मावशींशी, वॉचमनशी लोक गोडच बोलतात. खरं अडतं ते संडासाच्या दारापाशी. म्हणून सुरुवात तिथून करा.

तळमजल्यावर संडास असतो, पण कुलूपबंद, आणि किल्ली वॉचमनकडे. पुरुषाकडे किल्ली मागायचा संकोच वाटतो, म्हणून कितीतरी बाया कामावर पाणीच पीत नाहीत आणि लघवीची जळजळ अंगावर काढतात. कुलूप काढा. आतून घट्ट बसणारी कडी, दिवा, चालू नळ, बादली, साबण आणि झाकणाचा डबा एवढं हवंच. सफाईचे पैसे मेंटेनन्समधून द्या. ‘वापरतात त्यांनीच धुवावा’ असं ठरवलं की घाण साचते, तक्रारी येतात आणि पुन्हा कुलूप लागतं.

पिण्याच्या पाण्याची सोय गेटपाशी करा, सगळ्यांसाठी एकच. जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये याच शहरात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्या पुण्यात कामवालीचा कप आजही वेगळा विसळून ठेवला जावा, याचा आम्हाला संताप येतो. घरातल्याच कपात चहा द्या.

लिफ्टचा नियम सामानाला लावा, माणसाला नको. कचऱ्याचे डबे दुसऱ्या लिफ्टने न्यायचे असतील तर ते फ्लॅटमालकांनीही तसेच न्यावेत.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात घट्ट गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळे द्या. कचरा हातानं निवडला जातो; ठिपका दिसला की पुडकं उघडावं लागत नाही. फुटकी काच आणि ब्लेडही वेगळी बांधा.

पगाराचं पहिल्याच दिवशी बोला: कामं कोणती, तारीख कोणती, महिन्याला चार पगारी सुट्या. त्यापलीकडचा खाडा कापायचाच असेल तर 3000 पगारावर दिवसाचे 100 होतात, जास्त नाही. तुम्ही गावाला गेलात तर तो तिचा खाडा नव्हे, पगार पूर्ण द्या.

सोसायटीपुरत्या गोष्टी तोंडी ठरवल्या तर नवी कमिटी आली की विरतात. वार्षिक सभेची नोटीस 14 दिवस आधी निघते. ती निघण्यापूर्वी संडास, पाणी आणि लिफ्ट हे तीन विषय सेक्रेटरीला लेखी द्या आणि पोच घ्या. ठरावात खर्चाचा आकडा आणि जबाबदार सभासदाचं नाव हवं. पण त्याआधी मावशींना, वॉचमनला आणि कचरा नेणाऱ्या ताईंना काय हवंय ते विचारा, तेही कामाच्या घाईत नाही, बसायला खुर्ची देऊन.