नव्याने मराठी शिकणाऱ्यांना कामधंद्याचे शब्द कसे शिकवावेत

बारा बलुतेदारांची यादी पाठ करायला देणार असाल, तर ती आधी बाजूला ठेवा. हिंजवडीत नोकरी करून वाकडला भाड्याने राहणाऱ्या माणसाला लोहार कधी लागणार? त्याला लागतो प्लंबर, इस्त्रीवाला, रिक्षावाला, वॉचमन, सोसायटीचा सेक्रेटरी. गेल्या आठवड्यात कोणाकोणाशी गाठ पडली ते त्यालाच विचारा आणि तेवढेच शब्द घ्या. 'अभियंता', 'परिचारिका' पाटीवर वाचता आलं की पुरे. बोलताना इंजिनिअर आणि नर्सच.

ओळख करून द्यायला फोटो, हातवारे, काहीही चालतं. त्यात फार वेळ घालवू नका.

गाडी अडते ती पुढे, सामान्यरूपापाशी, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दात होणाऱ्या बदलापाशी. माझ्या वर्गातली मंडळी वहीत 'शिंपी' बिनचूक लिहायची आणि बाहेर पडल्यावर 'शिंपीकडे गेलो' म्हणायची. 'आधी शब्द पक्के करा, विभक्ती मग बघू' हा सल्ला सगळे देतात आणि तोच घात करतो. विचार करा, नुसतं 'शिंपी' आपण दिवसभरात कितीदा म्हणतो? शिंप्याकडे जातो, शिंप्याला सांगतो, शिंप्याच्या नावाने खडे फोडतो. म्हणून पहिल्याच दिवशी शब्द जोडीने द्या: शिंपी–शिंप्याकडे, माळी–माळ्याला, भाजीवाला–भाजीवाल्याकडे.

विभक्तीचा तक्ता फळ्यावर लिहू नका. त्याऐवजी एक ब्लाउज घ्या आणि त्याची गोष्ट करा. शिंप्याकडे ब्लाउज टाकला. शिंप्याला फोन केला. शिंप्याने 'उद्या या' म्हटलं. शिंप्याच्या दुकानाला कुलूप. शेवटी शिंप्याकडून ब्लाउज आणला, तर तो घट्ट! एवढीच गोष्ट प्रत्येकाने आपापल्या माणसावर बेतायची: कोणी इस्त्रीवाल्यावर, कोणी मेकॅनिकवर.

क्रमही महत्त्वाचा. आधी 'वाला' घ्या. हिंदी भाषकाला तो ओळखीचा वाटतो, पण 'भाजीवाले को' डोक्यात असल्याने तो हमखास 'भाजीवालेला' म्हणतो. तिथल्या तिथे दुरुस्त करा. मग 'ई'वर संपणारे पुल्लिंगी: माळी, शेतकरी, अधिकारी. शेतकऱ्याला, अधिकाऱ्याने. स्त्रीलिंगी 'ई' बदलत नाही, भाजीवालीकडेच जायचं. 'आ' मात्र बदलतो, शिक्षिका–शिक्षिकेला. इंग्रजीतून आलेले शब्द सगळ्यात शेवटी, कारण त्यांना प्रत्यय सरळ चिकटतो: ड्रायव्हरला, प्लंबरकडे. हे आधी शिकवलंत तर तीच सवय 'शिंपीकडे'ला बळ देते. उलट, नियम नुकताच कळलेला एखादा हुशार विद्यार्थी 'सेक्रेटऱ्याला' म्हणेल. हसा, पण सुधारा.

याच ओघात आदरार्थी बहुवचन येतं. डॉक्टर आले, डॉक्टरांना विचारा. प्लंबर आला, प्लंबरला विचारा. शिकणारे कारण विचारतात आणि आपल्याला अवघडल्यासारखं होतं. मी सांगते, समोर असेल त्या प्रत्येकाला 'तुम्ही' म्हणा आणि 'प्लंबरकाका आले' म्हणा. कोणाचं काही बिघडत नाही.

हाक मारणं वेगळं शिकवावं लागतं. धंद्याचं नाव ही हाक नव्हे. 'ए रिक्षावाले' नाही, 'दादा, डेक्कनला येणार का?' कचरा न्यायला येणाऱ्या ताई, स्वयंपाकाच्या मावशी, भाजीवाले काका. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगा, पुस्तकं ती सांगत नाहीत: न्हावी, चांभार, परीट ही कामांची नावं आहेत तशी जातींचीही आहेत. तोंडावर म्हटली तर लागतात. 'सलूनमध्ये गेलो', 'चप्पल शिवून आणली', 'कपडे लाँड्रीत टाकले' म्हटलं की काम भागतं.

नोकरीबद्दल विचारताना 'तुम्ही काय करता?' शिकवा, जोडीला 'कुठे असता?' हेही. उत्तरात आपण बऱ्याचदा हुद्द्याऐवजी जागाच सांगतो: बँकेत आहे, आयटीत आहे.

मग बाहेर काढा. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर ठोके घालून मठारकाम चालतं ते दाखवा, बुरुड आळीत सुपं आणि टोपल्या दाखवा, शेवटी महात्मा फुले मंडईत सोडून द्या. आळीचं नाव पाटीवर असतं ते पाटीपुरतंच, माणसाला हाक मारायला नाही, हेही तिथेच सांगता येतं. काम एकच: कोणाकडून काय घेतलं आणि कोणाला काय विचारलं, हे परतल्यावर तोंडी सांगायचं. ऐकताना फक्त सामान्यरूप सुधारा. 'ळ' आणि 'च'चे उच्चार त्या दिवशी सोडून द्या.

अडचण पुणेकरांचीच येते. समोरच्याचा उच्चार थोडा वेगळा लागला की आपली माणसं लगेच हिंदीवर उतरतात. त्यामुळे निघण्याआधी हे वाक्य घोकून घ्या: 'काका, मी मराठी शिकतोय, मराठीतच बोला ना.' त्यावर भाजीवाला दर कमी करेलच असं नाही, पण दोन वाक्यं जास्त नक्की बोलतो.