मानसिक आजारांची मोजदाद शिकायचीय? कोल्हापुरातनंच सुरू करा

शिवाजी विद्यापीठातनं स्टॅट केलेला एक पोरगा परवा विचारत होता, दादा सायकियाट्रिक एपिडेमिऑलॉजीत (म्हणजे लोकांतले मानसिक आजार मोजायच्या शास्त्रात) रिसर्च करायचाय, फॉर्म कुठला भरू? त्याला म्हटलं त्या नावाची डिग्री शोधत बसलास तर वर्ष जाईल, आपल्याकडं हे शिक्षण तुकड्यातुकड्यानं जोडावं लागतं. थोडं स्टॅट, थोडी सायकियाट्री आणि भरपूर पायपीट.

काम काय ते आधी समजून घ्या. डॉक्टर समोर आलेल्या पेशंटला बघतो, आपण न आलेल्यांनाही मोजतो. गावात डिप्रेशन किती, कुणाला जास्त, कशामुळं, उपचार कितीजणांना मिळतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १८ वर्षांवरच्यांमध्ये सध्या आजार असलेले १०.६ टक्के निघाले, तेही तंबाखूचं व्यसन सोडून (ते धरलं असतं तर काय झालं असतं ते आपल्या गल्लीतल्या पानपट्टीवर बघून घ्या). पण तो आकडा १२ राज्यांचा, त्यात महाराष्ट्र नव्हताच, त्यामुळं तो कोल्हापूरला तसाच्या तसा चिकटवू नका.

पहिलं काम घरी बसून करायचं. पीएचक्यू-९ हा नऊ प्रश्नांचा फॉर्म डाऊनलोड करा, मराठीतही आहे, फुकट आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, ० ते २७ मार्क, १० किंवा त्याच्या वर गेला की डिप्रेशनचा संशय. मूळ अभ्यासात १० ला सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांतले किती पकडले) आणि स्पेसिफिसिटी (चांगल्यांतले किती बरोबर सोडले) दोन्ही ८८ टक्के होत्या, ऐकायला लई भारी. आता कागद घ्या. १००० माणसं, त्यात खरोखर आजारी समजा ५०. फॉर्म ४४ जणांना पकडेल. उरलेल्या ९५० चांगल्या माणसांतले १२ टक्के म्हणजे ११४ पण पकडेल. एकूण पकडले १५८, खरे ४४. आता यातनं कुणी “गावात १६ टक्के डिप्रेशन” अशी हेडलाईन केली तर काय चुकलं ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे. हे गणित करून मजा आली तर ही लाईन तुमची, कंटाळा आला तर आत्ताच दुसरं काहीतरी बघा, राग नाही.

दुसरं फील्ड. कुठल्याही सर्व्हेत इन्व्हेस्टिगेटर म्हणून सहा महिने काढा, पगार कमी असतो पण हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. माझा पहिला महिना शिरोळ तालुक्यात गेला. एका घरात सोप्यावर बसून सुनेला फॉर्म विचारला, सासू शेजारी शेंगा सोलत बसलेली, सगळ्याला “न्हाई, न्हाई, काय न्हाई”. शून्य मार्क, मी खूश, फॉर्म पटकन संपला. निघताना गोठ्यापाशी ती हळूच म्हणाली, रातीला झोपच येत न्हाई ओ, काळीज धडधडतंय नुस्तं. तेव्हा कळलं की प्रश्न कुठं बसून विचारला यानं पण आकडा बदलतो. आणि “उदास वाटतं का” म्हटलं की आमच्याकडची बाई गप्प बसते, “कशात मन लागंना झालंय का” म्हटलं की बोलायला लागते. आणि हो, नववा प्रश्न जीव द्यायच्या विचारांचा आहे, त्याला कुणी हो म्हणालं तर पुढं काय करायचं, कुणाला फोन लावायचा हे आधीच ठरलेलं पाहिजे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर तर खिशात हवाच, पण तेवढ्यावर भागवू नका.

मग डिग्री. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्स दोन्ही आहेत, एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) आहे, पुढं पीएचडी. तिरुअनंतपुरमचं श्री चित्रा इन्स्टिट्यूट, चेन्नईची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजी (एनआयई), मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस (टिस), आणि आकडेवारीचा नाद असेल तर देवनारची लोकसंख्या अभ्यासाची संस्था आयआयपीएस. पात्रता नीट वाचा, काही ठिकाणी एमबीबीएसवाल्यांनाच दार उघडं असतं. माझं मत, कॉलेजचं नाव नंतर बघा, आधी गाईडकडं स्वतःचा डेटा आहे का आणि त्याचे आधीचे विद्यार्थी आता काय करतात ते विचारा. गाईड चांगला पण डेटा नाही, तर तुमची पहिली दोन वर्षं परवानग्यांत जाणार.

डेटा नसला तर लासी, म्हणजे वयस्क माणसांच्या देशभरच्या सर्वेक्षणाचा डेटा मागवा. २०१७-१८ ची पहिली फेरी, ४५ वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून सुमारे ७२ हजार, डिप्रेशनचे प्रश्न आहेत, आयआयपीएसकडं अर्ज करून रिसर्चला मिळतो. आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यावर एक साधा पेपर रेटा. अर्जाबरोबर तो जोडला की पुढचा माणूस तुम्हाला सिरीयसली घेतो.

परदेशात लंडनला किंग्ज कॉलेज आणि लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन मिळून ग्लोबल मेंटल हेल्थची एमएस्सी चालवतात. अमेरिकेत कोलंबियाचा सायकियाट्रिक एपिडेमिऑलॉजीचा ट्रेनिंग प्रोग्राम १९७२ पासूनचा, जॉन्स हॉपकिन्सला तर पब्लिक हेल्थमध्ये मेंटल हेल्थचं अख्खं डिपार्टमेंट. पण एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेच्या टी-३२ ट्रेनिंग ग्रँटला (अशा प्रोग्रामसाठी मिळणाऱ्या पैशाला) अमेरिकेचा नागरिक नाहीतर ग्रीनकार्ड लागतं. हे मी दोन रात्री जागून अर्ज लिहिल्यावर वाचलं, पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. तुम्ही विभागाला थेट मेल करून विचारा, बाहेरच्या विद्यार्थ्याला पैसे कुठनं देता. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, जाहिरातीवर नजर ठेवा.

एसओपीत (अर्जाबरोबर “हे का शिकायचंय” ते लिहून द्यायचं असतं त्यात) “मला समाजसेवा करायचीय” लिहू नका, प्रश्न लिहा. आपल्याकडं तर पडलेलाच आहे. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, त्याच गावात वरच्या आळीत शिरलं नाही. दोन आळ्यांत आज फरक दिसतो का? दिसला तर तो पुराचा, का खालच्या आळीत आधीपासनंच गरिबी जास्त होती त्याचा? आणि जे घर विकून कायमचे इचलकरंजीला गेले त्यांना कोण मोजणार? त्या पोराला गंगावेशीत दुधाचा ग्लास हातात देऊन हेच विचारलं, तर दूध तसंच ठेवून पावतीच्या मागं दोन आळ्यांचा नकाशा काढायला लागला.