रात्रीच्या शहरात पायी छायाचित्रण : आधी प्रकाश, मग विषय

रात्रीच्या छायाचित्रणासाठी पूर्ण अंधार पडण्याची वाट पाहू नये. सूर्यास्तानंतर साधारण पंधरा-वीस मिनिटांनी, रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात आणि आकाशात गडद निळा रंग अजून शिल्लक असतो, तेव्हा दिवे व आकाश यांच्या उजेडातील तफावत कॅमेऱ्याला पेलवते आणि इमारतींच्या कडा आकाशापासून वेगळ्या दिसतात. विषुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशांत हा अवधी जेमतेम अर्ध्या तासाचा असतो, म्हणून पूल, चौक, इमारतींच्या रांगा अशी विस्तृत दृश्ये आधी उरकावीत आणि गल्लीबोळ नंतरसाठी ठेवावेत.

अंधार पडल्यावर मात्र शोधण्याचा क्रम उलटा करावा लागतो. दिवसा आपण विषय शोधतो. रात्री आधी प्रकाश शोधावा. दुकानाच्या काचेतून फुटपाथवर पडलेला उजेड, बसथांब्याची प्रकाशित पाटी, पाऊस पडून गेल्यावर ओल्या रस्त्यात उतरलेली प्रतिबिंबे, अशी एखादी जागा निवडून, चौकट पक्की करून तिथेच थांबावे आणि माणूस त्या उजेडात येईपर्यंत वाट पाहावी. भटकत राहून दिसेल ते टिपणाऱ्यापेक्षा थांबणाऱ्याच्या हाती जास्त लागते, असे माझे मत आहे.

कॅमेऱ्याच्या मांडणीत शटरचा वेग, म्हणजे प्रकाश किती वेळ आत घ्यायचा ते, सर्वांत महत्त्वाचा. चालणारी व्यक्ती स्पष्ट हवी असेल तर १/१२५ सेकंद, उभी असेल तर १/६० सेकंद पुरतो. ३५ मिमीची लेन्स, एफ/२ ॲपर्चर (लेन्सचे छिद्र; आकडा लहान तितके ते मोठे) आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; जास्त तितके चित्र दाणेदार) ३२०० ही उजळ रस्त्यासाठी चांगली सुरुवात आहे. उजेड कमी पडल्यास आयएसओ ६४०० पर्यंत न्यावा, कारण दाणेदार छायाचित्र चालते, हललेले सहसा चालत नाही. लेन्समधील किंवा कॅमेऱ्यातील स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप शोषते, समोरच्या माणसाची हालचाल नव्हे, हे विसरू नये. मोबाइलचा नाइट मोड अनेक चौकटी एकत्र करून चित्र घडवतो, त्यामुळे तो स्थिर दृश्यांना योग्य आणि वर्दळीला बहुधा अयोग्य ठरतो.

कॅमेऱ्याचे स्वयंचलित प्रकाशमापन काळोखाला राखाडी करू पाहते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (चित्र किती उजळ वा गडद हवे ते सांगणारी मांडणी) उणे १ च्या आसपास ठेवून दिव्यांतील तपशील वाचवावा आणि काळोखाला काळा राहू द्यावे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कॅमेऱ्याच्या मागचा पडदा असतो त्याहून उजळ भासतो, म्हणून निर्णय पडद्यावरून न घेता हिस्टोग्राम (चित्रातील गडद-उजळ भागांचे प्रमाण दाखवणारा आलेख) पाहून घ्यावा.

कृत्रिम दिव्यांची आणखी एक खोड असते. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि शटर फार जलद असेल, विशेषतः इलेक्ट्रॉनिक (यांत्रिक पडद्याविना चालणारे) शटर, तर चित्रात आडवे पट्टे उमटतात; अशा वेळी १/१०० किंवा १/५० सेकंद वापरावा. ६० हर्ट्झच्या देशांत १/१२५ किंवा १/६० बरा. रंगांसाठी रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल घ्यावी, म्हणजे व्हाइट बॅलन्स, अर्थात उजेडाच्या रंगछटेची दुरुस्ती, नंतर ठरवता येतो. कमी दाबाच्या सोडियम दिव्यांचा उजेड मात्र जवळजवळ एकाच, ५८९ नॅनोमीटरच्या पिवळ्या रंगाचा असल्याने तिथे हरवलेले रंग कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाहीत; ते छायाचित्र सरळ कृष्णधवल करावे.

स्वयंचलित फोकस अंधारात चाचपडू लागला तर तो दिव्याच्या कडेवर किंवा पाटीवरील अक्षरांवर साधावा. अर्थात ती वस्तू विषयाइतक्याच अंतरावर हवी. ट्रायपॉड घरीच राहू द्यावा. वाहनांच्या दिव्यांच्या रेषा हव्या असतील तर कॅमेरा कठड्यावर टेकवून, दोन सेकंदांचा टायमर लावून एफ/११ वर काही सेकंदांचे एक्स्पोजर घेता येते.

फ्लॅश टाळावा, तो वातावरण पुसतो आणि समोरच्याला दचकवतो. कोणी हाताने नकार दर्शवला तर कॅमेरा लगेच खाली घ्यावा. चौकटीत डोळा घालून मागे सरकू नये, पट्टा मनगटाला गुंडाळलेला असावा, आणि परतीचा उजेडाचा रस्ता निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावा.