'मस्ट', 'माइट', 'कान्ट': अंदाज किती पक्का?

दिवा चालू दिसतोय, म्हणजे ती घरीच असणार: 'शी मस्ट बी ॲट होम'. पुरावा नसेल, नुसती शक्यता असेल, तर 'मे', 'माइट' किंवा 'कुड' वापरा. तिघांत फरक फार थोडा. 'माइट' जरा जास्त साशंक वाटतं, इतकंच.

खरी गडबड नकारात होते. 'ती घरी असणं शक्यच नाही' यासाठी 'मस्ट नॉट' लिहू नका, त्यातून बहुधा मनाई ध्वनित होते. इथे 'कान्ट' हवं: 'शी कान्ट बी ॲट होम'. 'कुडन्ट बी' म्हणजेही अशक्यच. 'माइट नॉट बी' म्हणजे मात्र 'कदाचित नसेल'. हा फरक घोटून घ्याच.

भूतकाळासाठी 'हॅव' आणि क्रियापदाचं तिसरं रूप जोडा: 'ही मस्ट हॅव मिस्ड द बस', त्याची बस चुकली असणार. कर्ता 'ही' असला तरी 'हॅज' होत नाही, कारण 'मस्ट', 'माइट', 'कान्ट' अशा सहायक क्रियापदांपुढे मूळ रूपच येतं. 'टू'ही नको.

उद्याच्या पावसाचा अंदाज 'इट मस्ट रेन टुमॉरो' असा सांगू नका. खात्री असेल तर 'विल', नसेल तर 'माइट'.