घरासाठी पहिल्यांदा शिवताय? या चुका टाळा

शिलाई मशीन घरात आलं की पहिला विचार येतो तो पडद्यांचा. पुण्यात लक्ष्मी रोडवर किंवा रविवार पेठेत फेरी होते, बारा-पंधरा मीटर कापड घरी येतं, पहिल्याच पडद्याची दुमड वाकडी जाते आणि मशीनवर कव्हर चढतं ते चढतंच. शिवण अर्धवट सोडणाऱ्यांचा हात वाईट असतो असं मला अजिबात वाटत नाही. त्यांनी चुकीच्या वस्तूला हात घातलेला असतो. पडद्याला लांबच लांब सरळ टीप लागते, आणि नवख्या हाताला तीच सगळ्यात अवघड जाते. म्हणून उशीच्या अभ्र्यापासून सुरुवात करा. चेन नाही, बटण नाही, चार टिपांत काम होतं.

कापड आणलं की लगेच कापू नका

सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण शेकडा ३ ते ५ आटतं. न धुता शिवलेला अभ्रा पहिल्या दिवशी छान बसतो आणि पंधरा दिवसांनी उशी कोंबावी लागते. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, वाळवा, किंचित दमट असतानाच इस्त्री करा आणि मग कात्री लावा. रंग जाणार असेल तर तोही याच वेळी कळतो.

दुसरा घोळ मापाचा. घरी आपण इंचात मोजतो, दुकानात कापड मीटरवर मिळतं आणि काउंटरवर घाईत अंदाज चुकतो. एकदा हिशेब मांडूनच बघा. उशी १७ बाय २७ इंचांची आहे. पाकिटासारखा अभ्रा हवा, म्हणजे उशी आत सरकवल्यावर तोंड झाकायला सहा इंचांची घडी हवी. २७ अधिक २७ अधिक ६, झाले ६०. दोन्ही टोकांच्या दुमडीला एकेक इंच, म्हणजे लांबी ६२. रुंदीत दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे टिपेबाहेरचं जास्तीचं कापड, सोडली की १८. आटण्यासाठी लांबीला आणखी तीन इंच धरले की ६५ इंच, म्हणजे साधारण १.६५ मीटर. दुकानात पावणेदोन मीटर मागा. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंचांचा असेल तर तेवढ्यात दोन अभ्रे शेजारी शेजारी बसतात. ३६ इंची पन्ह्यात दोन अभ्रे कागदावर बसतात, पण काठ आणि आटणं धरलं की बसत नाहीत. माया विसरणं ही नवशिक्यांची सगळ्यात महागडी चूक आहे, कारण कापलेलं कापड वाढवता येत नाही.

पहिल्या वेळी कुठलं कापड घ्यावं? पॉपलिन किंवा केसमेंट. साटीन आणि जॉर्जेट हातातून निसटतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. विणलेल्या चौकटीचं कापड मिळालं तर फारच उत्तम, रेघेरेघेने कापता येतं. छापील चौकटींचा मात्र भरवसा धरू नका, कारण छाप कधीकधी धाग्याशी तिरका असतो. साधं कापड असेल तर कडेला छोटा छेद देऊन एक आडवा धागा हळूच ओढून काढा. त्याची जी रिकामी रेघ दिसते, तिच्यावरून कापा. अशा सरळ कापलेल्या अभ्र्याला धुतल्यावर पीळ पडत नाही. आणि मोर किंवा झाडं उभी छापलेली असतील तर आधी कापड उशीवर गुंडाळून पाहा. वरच्या हिशेबाने लांबीत कापलं तर मोर उशीवर आडवे झोपतात.

सरावाला जुनी सुती चादर चालते, पण तिच्या कडेचा भाग घ्या. मधला भाग झिजलेला असतो, टिपेजवळ फाटतो आणि आपल्याला वाटतं शिवण चुकली.

मशीन रुसलं तर

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की हात थेट बॉबिन केसच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीच्या, स्क्रूकडे जातो. थांबा, त्या स्क्रूला हात लावू नका. खाली दिसणारा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतो. फूट, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारी पट्टी, खाली असताना दोरा ओवला तर दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मधे बसतच नाही आणि सैल सुटून खाली साचतो. फूट वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढा, पुन्हा पहिल्यापासून ओवा. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची चार-चार इंच टोकं मागे घेऊन पहिले दोन-तीन टाके धरून ठेवा. एवढ्यावर बहुतेक गुंते सुटतात.

टाके सुटत असतील तर संशय सुईवर घ्या. सुईच्या एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्या बाजूने ओवायचा असतो. सुई उलटी बसली असेल तर टाका पडणारच नाही. पॉपलिन आणि केसमेंटला १४ नंबरची सुई, मलमलला ११, सोफ्याच्या जाड कापडाला १६. आठेक तास शिवून झालं की सुई बदला. सुई स्वस्त असते, तिच्यापायी कापड खराब करू नका.

सुई मोडते ती बहुधा आपण कापड मागून ओढतो म्हणून. फुटाखालचे दाते कापड आपोआप पुढे नेतात, आपल्या हातांनी फक्त दिशा द्यायची. टाचण्याही सुई जवळ येण्याआधी काढत चला. पायमशीनवर चाक उलटं फिरलं तरी दोरा तुटतो, म्हणून चाक आधी हाताने आपल्याकडे फिरवून मग पाय चालवा. टाका इंचाला साधारण दहा ठेवा. पावसाळ्यात मशीन आठवडाभर बंद राहिलं असेल तर तेलाचे थेंब सोडून आधी चिंधीवर शिवून घ्या, नाहीतर नव्या कापडावर डाग ठरलेला.

टीप चुकली तर उसवा, सगळेच उसवतात. दर टिपेनंतर इस्त्री मात्र करा. नवशिके हा टप्पा गाळतात आणि मग कोपरे फुगतात. सुलट करण्याआधी कोपऱ्यावरची जास्तीची माया तिरकी छाटा, टिपेला धक्का न लावता.

आता पडदे

दोन-तीन अभ्रे जमले की पडद्यांना हात घाला. रॉड आधी बसवा, मग माप घ्या. जुन्या वाड्यातच काय, नव्या फ्लॅटमध्येही फरशी आणि रॉड समांतर असतीलच असं नाही, म्हणून उंची तीन ठिकाणी मोजा. रुंदीत रॉडच्या दीडपट ते दुप्पट कापड लागतं. पाच फुटी रॉडला ४८ इंची पन्ह्याचे दोन पट्टे म्हणजे दीडपटीच्या थोडं वर, तेवढ्यात चुण्या बऱ्या पडतात. इथे काटकसर केली तर पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पश्चिमेच्या खिडकीवरचा रंग लवकर विटतो, तिथे अस्तर लावाच.

वरचा नेफा शिवून झाला की खालच्या दुमडीला फक्त धावदोरा घाला आणि पडदा दोन दिवस नुसता टांगून ठेवा. वजनाने कापड थोडं उतरतं. ते उतरल्यावर पक्की टीप मारा, आणि जमिनीपर्यंतचा पडदा असेल तर फरशीपासून अर्धा इंच वर ठेवा, म्हणजे रोज फरशी पुसताना त्याचा काठ भिजणार नाही.